डावीकडचा अर्धा फेरा

वस्तादांचे दंड ही डेपोतली दाखवायची गोष्ट होती. नवीन माणूस कामाला लागला की त्याला खडीचा ढीग दाखवत, डांबराची पिंपं दाखवत, पाण्याचा नळ दाखवत, आणि मग वस्ताद दाखवत. बत्तीस वर्षं त्यांनी तीन लोखंडी चाकांचा जुना रोलर हाकला होता. त्या रोलरला वळवणं म्हणजे रेड्याला शिंगं धरून गोठ्यात घालणं. स्टेअरिंगचं चाक तीस-तीस वेळा फिरवावं, तेव्हा कुठे धूड हातभर सरकायचं. बत्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला एक तर कंबरदुखी होते नाही तर दंड येतात. वस्तादांना दंड आले. खरं नाव हजेरीपटात राहिलं आणि सगळ्यांच्या तोंडी 'वस्ताद' बसलं.

मग एके दिवशी रोलर भंगारात गेला आणि त्याच्या जागी पिवळाधमक लोडर आला. पुढे घराएवढी बकेट, मागे इंजिन, आणि मधोमध सांधा. या गाडीची चाकं वळत नाहीत, गाडीच कंबरेत मोडते. आणि मोडते ती कशानं, तर स्टेअरिंगला नुसती बोटं लावल्यानं.

त्याच्याबरोबर एक कागदही आला. जुन्या मशीनवरच्या चालकांनी पाच दिवस शिकायचं, सहाव्या दिवशी परीक्षा द्यायची. पास झाला तो लोडरवर, नापास झाला तो फाटकावर, खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. वस्ताद छप्पन्न वर्षांचे होते. फाटकावरची खुर्ची त्यांना मसणात नेऊन ठेवलेल्या खाटेसारखी वाटली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण शिकवायला मुख्य कचेरीतून जी बाई येणार होती ती त्यांची सख्खी भाची निघाली. बहिणीची थोरली. दहा-अकरा वर्षं मोठमोठी मशीनं चालवून आता दुसऱ्यांना शिकवणारी.

"कानामागून आली आणि तिखट झाली," वस्ताद घरी म्हणाले.

"तिला पहिल्यांदा रोलरवर कुणी बसवलं?" बायकोनं पीठ मळता मळता विचारलं. "आठ वर्षांची होती. ताई किती ओरडल्या होत्या तुमच्यावर. आता भोगा आपल्या कर्माची फळं. आणि जरा नीट लक्ष देऊन शिका, नाहीतर भाची मामालाच मामा बनवायची."

पहिल्या दिवशी भाची डोक्यावर हेल्मेट, हातात वही घेऊन आली आणि म्हणाली, "वस्ताद, तुम्ही आधी मशीनभोवती एक चक्कर मारा आणि काय काय दिसतं ते मला सांगा."

वस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं. ही 'तुम्ही' कोणाला म्हणतेय ते त्यांना क्षणभर कळलंच नाही. जन्मल्यापासून ती त्यांना 'ए मामा' म्हणत आली होती.

"अगं, मला काय तुम्ही..."

"डेपोत तुम्ही. घरी जेवायला येईन तेव्हा तू," ती हळूच म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको की मामा होता म्हणून सोडला."

ते त्यांना पटलं. पुढचं मात्र पटायला वेळ लागला. त्या दिवशी ते लोडरवर चढले, सवयीप्रमाणे पाय रोवले, दोन्ही हातांनी चाक पकडलं आणि पोटातून जोर काढून ओढलं. लोडर जागच्या जागी काटकोनात मोडला आणि सरळ वाळूच्या ढिगात घुसला. डेपोतला मेकॅनिक, ज्याला सगळे बुटका म्हणत, पोट धरून हसला.

"वस्ताद, सुई ओवायची होती, तुम्ही पहार घातलीत," तो म्हणाला.

वस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भाची हसली नाही. तिनं त्यांना खाली उतरवलं, इंजिन बंद केलं, सांध्याजवळ नेलं आणि दोन बाजूंचे चकचकीत दांडे दाखवले.

"रोलरला तुम्ही वळवत होता. इथे तेल वळवतं. तुम्ही चाक फिरवून फक्त तेलाला सांगता, इकडे जा, तिकडे जा. पंप ते तेल दाबून या दांड्यांत ढकलतो. आणि पंप चालतो इंजिनावर. मग इंजिन बंद पडलं तर?"

"तर चाक जड होणार."

"तुमच्या दंडांनासुद्धा दाद देणार नाही इतकं. म्हणून उतारावर गिअर काढून गाडी सोडायची नाही, इंजिन बंद करायचं नाही. एक लहान विजेचा पंप अडीअडचणीला आहे, तो तुम्हाला बाजूला थांबण्यापुरता हात देईल. जास्त नाही. त्याचा लाल दिवा सकाळी लागतो की नाही, ते रोज बघायचं."

अशा तिच्या गोष्टी रोज वाढत गेल्या. चाक शेवटाला टेकलं की तिथे दाबून धरायचं नाही, तेल कढतं. इंजिन चालू असताना सांध्यात माणूस सोडाच, मांजरसुद्धा उभं राहता कामा नये, कारण गाडी मोडली की त्या फटीत नारळाचा भुगा होईल. दुरुस्तीला हात घालायचा तर गाडी सरळ करून सांध्यात लॉकची दांडी घालायची. आणि रोज सकाळी फेरे मोजायचे. सरळपासून उजव्या टोकाला दोन फेरे, डाव्या टोकाला दोन.

"आता फेरे मोजून काय मिळणार?" वस्ताद कुरकुरले.

"डॉक्टर नाडी मोजून काय मिळवतो?" ती म्हणाली.

वस्ताद कुरकुरत मोजू लागले. आणि एकदा मोजू लागले की मग ते मोजतच राहिले, कारण त्यांचा स्वभावच तसा होता. धरलं ते सुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना चाक बोटांनी धरायला जमलं. तिसऱ्या दिवशी ते दोन पिंपांच्या मधून, दोन्हीकडे वीतभर जागा सोडून, लोडर कुठेही न घासता काढू लागले. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुटीत बुटक्यानं पैज लावली म्हणून त्यांनी बकेटच्या दातानं जमिनीवरचा पाण्याचा पेला आडवा न करता फूटभर सरकवला. त्यानंतर पेला उचलून बुटक्यानंच त्यातलं पाणी त्यांना प्यायला दिलं. वस्तादांना मनोमन कळलं होतं की ताकद ही काही फक्त दंडात असते असं नाही. पण हे ते भाचीला सांगणार नव्हते, आणि भाचीनंही विचारलं नाही.

सहावा दिवस परीक्षेचा.

परीक्षक बाहेरचा होता. काटकुळा, शांत, बगलेत फाईल धरलेला माणूस. भाचीच्या मामाची परीक्षा भाचीनं घेऊ नये म्हणून कचेरीनं मुद्दाम त्याला धाडलं होतं. परीक्षेचे दोन भाग होते. पहिला डेपोच्या आवारात: पिंपांमधून वेडीवाकडी फेरी, बकेट भरणं, ओतणं, मागे घेणं. दुसरा खऱ्या कामावर. डेपोपासून दोन मैलांवर रस्ता टेकडी उतरतो, तिथे पाण्यानं साइडपट्टी खाल्ली होती. वरच्या ढिगाऱ्यातला मुरूम बकेटमध्ये भरून उतारानं खाली न्यायचा आणि खचलेली कड भरायची. पाच दिवस तिथे एकाच बाजूनं वाहतूक चालली होती आणि लोक दोन्हीकडून हॉर्न वाजवून डेपोचा उद्धार करत होते.

सकाळी भाचीनं स्वतः मशीन तपासलं. तेलाची पातळी ठीक, टायर ठीक, लाल दिवा ठीक, उजवीकडे दोन फेरे, डावीकडे दोन. कागदावर सही करून तिनं तो परीक्षकाच्या हातात दिला.

पहिला भाग पाऊण तासात झाला आणि असा झाला की बुटका नखं खायचं विसरला. परीक्षकाचं फाईलमधलं पेन दोनदा बरोबरच्या खुणेसारखं हललं, हे सगळ्यांनी पाहिलं. वस्तादांनी लोडर फाटकाकडे वळवला. फाटकातून बाहेर पडायला डावीकडे वळायचं होतं.

ते वळले आणि थांबले. बकेट जमिनीला टेकवली. ब्रेक लावला. मग तिथल्या तिथे चाक सावकाश सरळ करून पुन्हा डावीकडे नेलं. पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडे. मग उजवीकडे, आणि शेवटी सरळ. फाटकावरचा माणूस अडसर वर धरून उभा होता, त्याचा हात भरून आला.

वस्तादांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तीन पायऱ्या उतरून खाली आले.

"काय झालं?" परीक्षकानं विचारलं.

"गाडी उतारावर नेत नाही, साहेब."

"का?"

"डावीकडे अर्धा फेरा जास्त लागतोय. उजवीकडे दोन आणि डावीकडे अडीच."

परीक्षकानं सकाळचा कागद काढला. "इथे दोन लिहिलंय. बाईंची सही आहे."

"सकाळी दोन असतील. आता अडीच आहेत."

परीक्षकानं घड्याळ पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला संध्याकाळच्या आत आणखी एका डेपोत पोचायचं होतं. "हे बघा, मी नियम सांगतो. तपासलेली, सही झालेली गाडी चालवायला चालकानं नकार दिला तर परीक्षा तिथे संपते. पहिल्या भागाचे गुण धरले जात नाहीत. घाबरला असाल तर पाच मिनिटं बसा, पाणी प्या."

वस्तादांना घाबरला हा शब्द लागला. बत्तीस वर्षांत तो त्यांच्याबद्दल कुणी वापरला नव्हता. पण राग आला की ते हळू बोलत, आणि आता तर अगदी हळू बोलले. "परीक्षा संपली तर संपली. मी फाटकावर बसेन. पण गाडी जाणार नाही."

भाची पुढे आली होती. तिचा चेहरा उतरला होता. बाहेरच्या माणसासमोर तिची सही खोटी ठरत होती, तीही घरच्याच माणसाकडून. ती चढली, किल्ली मागितली, इंजिन लावलं, चाक झरझर डावीकडे फिरवलं. दोन फेरे आणि वर जेमतेम चार बोटं.

"वस्ताद, एवढा फरक चालतो. पुस्तकात लिहिलंय," ती वरून म्हणाली.

"तू झरकन फिरवतेस. सावकाश फिरव. भरलेली बकेट घेऊन वळणावर फिरवतात तसं."

तिनं सावकाश फिरवलं. दोन. सव्वादोन. अडीच. गाडी टोकाला टेकली होती, तरी चाक हातात गोगलगाईसारखं पुढे सरकतच राहिलं. तिनं उजवीकडे नेऊन पाहिलं. तिथे ते दोनवर खुंटीसारखं थांबलं.

ती खाली उतरली. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामा, तुला हे कधी कळलं?"

"पिंपांमधून वळताना शंका आली. म्हटलं हाताचा भास असेल. फाटकात खात्री झाली."

"साहेब," भाची परीक्षकाकडे वळली, "मला अर्धा तास पाहिजे. डावीकडे वळवणारं तेल कुठेतरी निसटतंय. मी माझी सही मागे घेते."

परीक्षकानं फाईल मिटली. "अर्धा तास," तो म्हणाला, "पण मला काहीतरी दिसलं पाहिजे. नुसतं हाताला लागतं म्हणून मी कागदावर लिहू शकत नाही."

लोडर मोकळ्या जागेत नेऊन डावीकडे पूर्ण मोडला, इंजिन बंद केलं आणि किल्ली भाचीनं खिशात घातली. मग चौघांनी मिळून सांध्यात डोकावून पाहिलं. बोटाएवढे जाड काळे होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, इकडून तिकडे गेले होते. उजव्या बाजूच्या एका होजवर धूळ जरा जास्त काळी दिसत होती.

"ग्रीस आहे ते," बुटका म्हणाला. "काल मीच भरलंय." त्यानं चिंधीनं पुसलं. खाली होज साफ. थेंब नाही, ओल नाही.

परीक्षकानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

बुटक्याला आता वस्तादांसाठीच वाईट वाटत होतं. काही करून दाखवावं म्हणून तो म्हणाला, "इंजिन लावा. गाडी अशीच मोडलेली राहू दे. मी होजवरून हात फिरवतो, गळत असेल तर लगेच लागेल हाताला." आणि सवयीनं त्यानं हात आत घातलासुद्धा.

त्याचं मनगट मध्येच थांबलं. वस्तादांनी ते पकडलं होतं. ज्या पकडीनं तीन चाकांचं धूड वळायचं तीच पकड होती, बुटक्याला हात ना पुढे नेता येईना ना मागे.

"अहो, इंजिन बंद आहे," तो म्हणाला.

"आता बंद आहे. तू चालू करायला सांगतोयस." वस्तादांनी त्याचा हात बाहेर काढला, पण सोडला नाही. "परवा हिनं मला एका माणसाच्या हाताचा फोटो दाखवला. होजला सुईएवढं भोक होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. त्यानं असाच हात फिरवला. त्याला वाटलं काटा टोचला. हसला, बोट चोखलं, कामाला लागला. संध्याकाळपर्यंत हात दुधीसारखा सुजला. तेल आत शिरलं होतं. तीन बोटं गेली त्याची. तुझी बोटं मला पाहिजेत, माझ्या गाडीला तूच पाना लावतोस."

बुटका हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच विरलं.

"हात नाही, पुठ्ठा," भाची म्हणाली. ती भांडारातून एका खोक्याचा पुठ्ठा आणि झाडूचा सगळ्यात लांब दांडा घेऊन आली. पुठ्ठा टोकाला घट्ट बांधला. मग तिनं जमिनीवर खडूनं रेघ ओढली आणि बुटक्याला, परीक्षकाला, फाटकावरच्या माणसाला त्या रेघेमागे उभं केलं. स्वतः ती उजव्या बाजूला उभी राहिली. डावीकडे वळताना गाडीची डावी बाजू मिटते आणि उजवी उघडते, म्हणून. दांडा एवढा लांब होता की ती सांध्यापासून चार पावलं दूर राहिली.

"माझे दोन्ही हात दांड्यावर दिसले तरच चाक हलवायचं," तिनं वस्तादांना सांगितलं. "एक जरी दिसला नाही तर बंद."

"दिसले," वस्ताद वरून म्हणाले. इंजिन लागलं. त्यांनी गाडी आधी सरळ केली. भाचीनं पुठ्ठा होजच्या बाजूनं अलगद नेला. सरळ असताना काही नाही. मग वस्तादांनी सावकाश डावीकडे घ्यायला सुरुवात केली. एक फेरा. पुठ्ठा कोरा. दीड. कोरा. दोन. परीक्षकानं एक पाय दुसऱ्या पायावर घासला. वस्तादांनी चाक टोकाला नेलं आणि मनात एक, दोन म्हणेपर्यंत धरून ठेवलं. एरवी धरायचं नसतं ते आज मुद्दाम धरलं, कारण दाब सगळ्यात जास्त तिथे असतो.

पुठ्ठा थरथरला. एवढंच. कुठे तेल उडालं नाही, कुठे आवाज झाला नाही.

भाचीनं दांडा मागे घेतला, हात वर केला. इंजिन बंद झालं. तिनं पुठ्ठा सोडवून परीक्षकाच्या हातात दिला. पुठ्ठ्यावर वीतभर लांबीची चीर पडली होती, ब्लेडनं कापावी तशी सरळ, आणि चिरेच्या दोन्ही काठांना तेलाची बारीक पिवळी किनार. परीक्षकानं तो उजेडाकडे धरला. चिरेतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

बुटक्यानं आपला उजवा हात पाहिला. उलटा केला, सुलटा केला, मग खिशात घातला.

परीक्षकानं पुठ्ठा खाली घेतला. मग त्यानं वस्तादांना विचारलं, "त्या उतारावर पहिलं वळण कुठल्या बाजूला आहे?"

"डावं."

"आणि बाहेरच्या अंगाला?"

"काही नाही. साइडपट्टी तिथेच खचलीय."

परीक्षकानं पुठ्ठा फाईलमध्ये ठेवला. "मी माझ्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगून येतो," तो म्हणाला, "दुसऱ्या डेपोत उद्या जाऊ म्हणून."

भाची त्या वेळी मशीनच्या सावलीत उकिडवी बसून सकाळच्या कागदावर लिहीत होती. वस्ताद तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिनं वर न पाहता सांगितलं, "सकाळी तेल थंड होतं, घट्ट होतं, भोकातून निसटत नव्हतं. थंड तेलावर मोजून मी सही केली. गरम झाल्यावर परत मोजायला पाहिजे होतं. हे मी शिकवते लोकांना, मामा. आणि आज मीच नाही केलं."

"मग लिही तसं."

"लिहितेय."

"झालं तर. उद्यापासून दोनदा मोजायचं." त्यांनी तिच्या हेल्मेटवर टिचकी मारली. "रोलरवर असताना मी एकदा कुंपण पाडलं होतं. कुणाचं ते तुझ्या आईला विचार."

होज बदलायला अडीच तास लागले. बुटक्यानं त्या दिवशी जसं काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं. गाडी सरळ करून घेतली, सांध्यात लॉकची दांडी घातली, इंजिन बंद असताना चाक इकडेतिकडे हलवून उरलेला दाब सोडला आणि मगच पाना लावला. जुना होज निघाला तेव्हा कळलं, तो एका पत्र्याच्या पट्टीला घासत होता. ती पट्टी नव्या गाडीला कारखान्यातूनच जरा वाकडी आली होती. बुटक्यानं ती कानशीनं गुळगुळीत केली, होजला रबराचं वेष्टण बांधलं. तेल भरलं. दांडी काढली. काढल्यावर ती हातात उंच धरून सगळ्यांना दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण आता तो सगळंच दाखवून करत होता. मग वस्तादांनी इंजिन मंद ठेवून चाक टोकापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा अगदी सावकाश नेलं, आत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत. पंपाची कुरकुर आधी वाढली, मग कमी झाली, मग थांबली. तेल गरम होऊ दिलं. भाचीनं मोजलं, वस्तादांनी मोजलं, आणि शेवटी परीक्षकानं विचारलं, "मी मोजू?" त्यालाही वर चढवलं. उजवीकडे दोन. डावीकडे दोन.

तीन वाजता लोडर टेकडीवर पोचला. निशाणवाल्यानं लाल निशाण धरून खालची रांग थोपवली. वस्तादांनी बकेट भरली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ठेवली, पहिला गिअर घातला आणि उताराला लागले. भाची नि परीक्षक कडेनं चालत होते. गाडीवर चालकाखेरीज कुणी बसायचं नाही हा नियम परीक्षकालाही लागू होता.

डावं वळण आलं. वस्तादांनी वेग आधीच इतका उतरवला होता की शेजारून चालणारा माणूस पुढे गेला असता. चाक बोटांनी घेतलं. एक फेरा, आणखी थोडा. गाडी कंबरेतून वळली, पुढची चाकं आतल्या अंगाला धरून राहिली, मागचं धूड खचलेल्या कडेपासून दोन हात अंतर राखून निमूट मागोमाग आलं. मुरमाचा एक खडासुद्धा सांडला नाही.

तिसऱ्या खेपेला एक मोटरसायकलवाला निशाणाला वळसा घालून आत घुसला. माणसाला घाई असली की त्याला सगळं जग आपल्या बापाचं वाटतं. तो लोडरच्या उजव्या अंगानं, बरोबर सांध्याच्या बाजूनं पुढे यायला बघत होता. वस्तादांनी चाक आहे तिथे ठेवलं. डावीउजवीकडे काही केलं नाही. ब्रेक लावला, बकेट टेकवली, हॉर्न दाबला आणि त्याच्याकडे नुसतं बघत बसले. मोटरसायकलवाला थांबला. मग पाय टेकत टेकत मागे गेला.

"का नाही वळवलंत?" परीक्षकानं खाली आल्यावर विचारलं.

"वळवलं असतं तर तो सांध्यात सापडला असता. उभी गाडी कुणाला मारत नाही."

परीक्षकानं लिहिलं. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाला, "दुसऱ्या खेपेला मागे घेताना हॉर्न उशिरा वाजला तुमचा. त्याचा एक गुण गेला."

"गेला," वस्ताद म्हणाले. "उशीर झालाच होता."

"बाकी सगळे आहेत."

भाचीनं हे ऐकलं आणि तोंड फिरवून टेकडीकडे बघितलं. थोड्या वेळानं तिनं हेल्मेट काढून कपाळ पुसलं.

काम अजून संपलं नव्हतं. कड भरली होती, पण ती दाबून सारखी करायची होती, आणि खालची रांग आता पुलापलीकडे गेली होती. वस्ताद पुन्हा चढले. बकेटच्या पाठीनं त्यांनी मुरूम सारखा केला, पुढे, मागे, पुढे. मागे घेताना दर वेळी हॉर्न वाजत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लोडर एका अंगाला घेतला आणि निशाणवाल्याला हात केला.

निशाणवाल्यानं लाल खाली घेतलं, हिरवं वर केलं. पहिली आली ती दुधाची टाकी, मग दोन मोटारी, मग शाळेची बस. बसमधली काही पोरं खिडकीला नाक लावून पिवळ्या गाडीकडे बघत होती. ड्रायव्हर मात्र समोर बघत, नव्या मुरमावरून चाक नेताना जरासुद्धा वेग कमी न करता, सरळ निघून गेला. वस्तादांना ते फार आवडलं. रस्त्यावर भरवसा ठेवून कुणी असं बेफिकीर गेलं, की आपलं काम झालं असं ते समजत. रांग संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, आणि मग उद्याच्या कामाचं काय ते भाचीशी बोलत गाडीकडे निघाले.